पेरूचा काही संबंध नाही

शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर पेरूच्या हातगाड्या लागल्या की थंडी आली, असं मी धरून चालते. कॅलेंडर काहीही म्हणो. यंदा त्या परवा लागल्या. गाडीवाल्यानं पेरूला उभ्या चिरा दिल्या, देठाशी तुटू दिला नाही, आत तिखट-मीठ चोळलं आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून माझ्या हातात दिला. मी तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहून खायला सुरुवात केली. शेजारी बसची वाट बघणाऱ्या एका आजोबांना राहवेना. म्हणाले, "मॅडम, थंडीचा पेरू खाताय. खोकला लागंल."

"न्हाई लागत आबा," मी म्हटलं, "माझ्याकडं लेखी हाय."

आजोबा दोन पावलं लांब सरकून उभे राहिले.

पण लेखी आहे हे अगदी खरं. तो कागद माझ्याजवळ नाही, राहू गावाच्या पुढं एका वस्तीवर पत्र्याच्या कपाटात आहे. तो माझ्यासमोर लिहिला गेला आणि मीच नेऊन पोचवला. आता पेरूचा पहिला घास घेतला की तीन वर्षांपूर्वीची ती अख्खी थंडी जिभेवर येते, तिखट-मिठासकट.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. दिवसभर बंद खोलीत, हातमोजे घालून, थंडगार नळ्यांशी बोलायचं असं माझं काम. त्या वर्षी मला बाहेर काढलं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या पाच वर्षांखालच्या ज्या मुलांना खोकला किंवा जुलाब झालेत, त्यांच्या घरी जायचं, आईबापांची संमती घ्यायची, नाकातल्या पाण्याचा आणि शीचा नमुना घ्यायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि संध्याकाळच्या आत पुण्याला धाडायचा. नेहमीचे विषाणू आम्हाला माहीतच होते. आम्ही शोधत होतो तो जरा आडवाटेचा. बोका-व्हायरस त्याचं नाव. हसू नका, मांजराशी त्याचं काही नातं नाही. तो कधी मुलांच्या छातीत सापडतो, कधी पोटात, आणि एरवीच्या तपासण्यांमध्ये त्याची कुणी चौकशीच करत नाही. "तुम्ही शिरूरच्या ना? मग तुम्हीच जा," असं आमच्या सरांनी सांगितलं. माहेरी राहायला मिळणार म्हणून मी लगेच हो म्हटलं. काम काय आहे ते नंतर कळलं.

आमच्या सरांविषयी इथंच सांगून टाकते. ते फार हुशार आणि भयंकर सावध. कुठलीही गोष्ट ठाम म्हणून सांगायची नाही, हा त्यांचा नेम. आज सोमवार आहे का, असं विचारलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून ते म्हणतात, "बहुतेक."

सकाळी आठला मी स्कूटीवर निघायची. कानटोपी, त्यावर हेल्मेट, त्यावर आईनं जबरदस्तीनं गुंडाळलेली ओढणी. न्हावरं ओलांडलं की दोन्ही बाजूंनी ऊस सुरू. कारखाने चालू झालेले असायचे, त्यामुळे ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून मोठमोठ्यानं गाणी वाजवत ड्रायव्हरमंडळी रस्त्याच्या मधोमध निघालेली. त्यांच्या मागं लागलं की वीस मिनिटं उसाची वाळकी पाचट तोंडावर घेत जायचं. पारगावच्या पुलावर भीमेवरचं धुकं इतकं दाट की नदी आहे हे ऐकूनच मानायचं. पुढं गुऱ्हाळं लागायची. काहिलीत रस उकळायचा, चिमणीतून धूर निघायचा, आणि ताज्या गुळाचा वास इतका अंगभर बसायचा की संध्याकाळी घरी आल्यावर आई म्हणायची, तू नक्की दवाखान्याच्याच कामाला जातेस ना.

स्कूटीवर पुढं पायांशी निळी पेटी. पहिल्या आठवड्यातच तालुकाभर पोरांचा समज झाला की ही कुल्फीवाली बाई. वस्तीवर शिरले की दहा-बारा पोरं मागं धावायची. झाकण उघडून आतले बर्फाचे निळे गोळे आणि नळ्या दाखवल्या की त्यांच्या तोंडावरचं दुःख बघवायचं नाही. मी खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवायला लागले. त्या खर्चाच्या बिलावर सरांनी "बहुतेक योग्य" असं लिहिलं होतं.

आरोग्य खात्याच्या आशा सेविका मंगलताई माझ्यासोबत असायच्या. घरोघरी कुणाला दिवस गेलेत, कुणाचा डोस राहिलाय, कुणाची सून माहेरी गेलीय, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्या मागच्या सीटवर बसून रस्ता सांगायच्या, आणि उजवीकडं वळायचं असेल तर माझा उजवा खांदा दाबायच्या.

आता खरी अडचण सांगते. आम्हाला हवं होतं वाहतं नाक, आणि आमच्या भागात पाहुण्यासमोर मूल वाहत्या नाकानं कुणी आणत नाही. आम्ही येणार असं फोनवर कळवलं की घरात धावपळ उडायची. पोराला कढत पाण्यानं अंघोळ, वाफ, नाक शिंकरून शिंकरून लाल, मग पावडर, काजळ, आणि दिवाळीचा ड्रेस. आम्ही दारात पोचलो की असं चकचकीत मूल समोर उभं करायचे आणि अभिमानानं सांगायचे, "मॅडम, नाक एकदम स्वच्छ करून ठेवलंय बघा." माझी मऊ बोंडाची काडी आत जायची आणि तशीच कोरडी बाहेर यायची. वर थोडी पावडर. कोरेगाव भीमाला कंपनीतल्या कामगारांच्या खोल्यांवर गेलो, तर तिथं बिहारकडची एक आई तेच म्हणाली, "दीदी, नाक साफ कर दिया है." मंगलताई मला हळूच म्हणाल्या, "बघा, सगळीकडं आया सारख्याच."

आणि शीच्या डब्यांचं तर विचारूच नका. नमुन्यासाठी आम्ही एक छोटी झाकणाची डबी देऊन यायचो आणि दुसऱ्या दिवशी घेऊन जायचो. गुऱ्हाळावरच्या एका घरातलं पोरगं तेवढ्यात बरं झालं. त्यांनी ठरवलं की आता तपासणीची गरज नाही, डबी परत द्यावी. पण आलेला डबा रिकामा परत द्यायचा कसा? म्हणून धुऊन, पुसून, त्यात ताजा गूळ भरून, कागदात आणि पिशवीत नीट गुंडाळून दिला. मी नेहमीप्रमाणे पिशवीवर नंबर घातला आणि पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "तुमचा तेरा नंबर," ते म्हणाले आणि बराच वेळ थांबले. "तो बहुतेक गूळ आहे."

मी आयुष्यात सरांना इतकं हसवलेलं नाही.

सारिकाच्या वस्तीवर गेलो तो दिवस मात्र हसण्याचा नव्हता. वस्ती ऊसशेतीच्या मधे, तीन खोल्यांचं स्लॅबचं घर, दारात गाय आणि अंगणात पेरूचं झाड. झाड चांगलंच लगडलेलं. सारिकाची मुलगी स्वरा, अडीच वर्षांची. तिला आधी जोराचा खोकला झाला, मग जुलाब, मग दोन्ही एकदम. धाप लागली तेव्हा दौंडला दवाखान्यात ठेवलं. चार दिवस सलाईन आणि ऑक्सिजन. आम्ही गेलो तेव्हा ती घरी येऊन दोनच दिवस झाले होते. अजून खोकत होती, पण आजीच्या मांडीवर बसून माझ्या पेटीकडे मोठ्या आशेनं बघत होती.

सारिका दाराच्या आत उभी. मी तिच्याकडे बघून विचारलं, आजारी पडायच्या आधी काय-काय झालं? तिनं उत्तर द्यायच्या आत सासूबाईच बोलल्या.

"झालं काय? पेरू दिला हिनं. ऐन थंडीत. मी सांगत व्हते, नगं देऊ, नगं देऊ. रस घट झाला छातीत, आन् बिया बसल्या पोटात. लेकरू हातचं जात व्हतं मॅडम."

आम्ही निघालो तेव्हा सारिका गोठ्याच्या बाजूनं स्कूटीपर्यंत आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, साल काढलं होतं. बिया पण काढल्या होत्या. धुऊन एवढीशी फोड दिली होती फक्त. ती मागत होती म्हणून." मग जरा थांबून, "तुमच्या मशिनीत कळंल का, पेरूमुळंच झालं का ते?"

मी म्हटलं, आम्ही विषाणू शोधतो, बघू काय निघतं. ती मान हलवून परत फिरली. मंगलताई मागच्या सीटवर बसताना म्हणाल्या, "दवाखान्यातनं आल्यापासनं म्हातारी पोरीला हिच्या हातचं खाऊ देत न्हाई. वरणभात पन सवता भरवती. ही नुसती बघत बसती." बोलण्याच्या नादात त्यांनी माझा खांदा दाबला नाही, आणि मी वळण चुकले.

घरी येऊन मी आईला विचारलं, मी लहानपणी आजारी पडायची तेव्हा कशामुळं पडायची? आईनं भाकरी थापता थापता यादीच सांगितली. बोरं, चिंचा, शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा, आणि पेरू. "आणि दोष कुणाला लागायचा?" आई हसली. "कुणाला म्हंजे? जिच्या हातानं दिलं तिला." हे ती इतक्या सहज म्हणाली की मला राग आला. कुणाचा, ते अजून नक्की ठरवता आलेलं नाही. मूल आजारी पडलं की कारण आईच्या हाताशीच येऊन थांबतं. पुढं जाऊन बघायची कुणाला सवयच नसते. आणि मी तर पुढं जाऊन बघायच्याच नोकरीत होते.

आणि त्यातच सरांचा फोन आला. स्वराच्या नाकाचा नमुना कोरडा निघाला. पुन्हा घ्यायला हवा. मी सारिकाच्या घरी फोन केला, सासूबाईंनी उचलला. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "मावशी, उद्या येतो. पोरीचं नाक तेवढं पुसू नका."

"म्हंजी?" पलीकडून आवाज चढला. "शेंबडं पोर पावण्याफुडं ठिवू? लोक म्हनतील, घरात बायामानसं हायती का न्हाई!"

दुसऱ्या दिवशी गेलो, तर अर्थातच स्वरा चकचकीत. दोन वेण्या, रिबिनी, नाक इतकं स्वच्छ की मला रडू यायचं बाकी होतं. मी पेटी उघडली नाही. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. गायीच्या दुधाचा, आलं ठेचून घातलेला, ताज्या गुळाचा चहा घेऊन आल्या आणि स्वराला मांडीवर घेऊन बसल्या. मंगलताईंनी बशीत ओतून फुंकर घालायला सुरुवात केली. मी हातात कप धरून गायीकडं बघत बसले. काही सुचेना. इतक्यात स्वरा आजीच्या मांडीवरून उतरली, अंगणात आली, पाणी तापवायच्या बंबाच्या धुराकडं तोंड केलं आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या.

मंगलताईंनी बशी खाली ठेवली. "मॅडम, काढा काडी!"

सासूबाईंचा हात पदराकडं गेलाच होता. मंगलताईंनी तो वरच्या वर धरला. त्या दोघींची झटापट चालू असताना मी नमुना घेतला. असा भरपूर नमुना त्या अख्ख्या हंगामात मला मिळाला नव्हता. सकाळची डबीही सारिकानं गुपचूप भरून ठेवली होती, तीही घेतली.

तेव्हापासून आमची पद्धतच ठरली. घरी जायचं, नाक पुसू द्यायचं, मुलाची तोंडभर तारीफ करायची आणि चहा घ्यायचा. चहा संपेपर्यंत नाक आपोआप कामाला लागतं. कुणी काकवी द्यायचं, कुणी हुरडा, आणि मी नमुन्याच्या तक्त्यात वेळ लिहायची. सरांनी एकदा विचारलं, प्रत्येक घरी तुम्हाला चाळीस मिनिटं का लागतात? मी म्हटलं, नमुना पिकावा लागतो सर. त्यांनी ते खरोखर लिहून घेतलं.

फेब्रुवारीत मी परत पुण्याला, माझ्या थंड खोलीत. यंत्रात नळ्या लावल्या की दोनेक तासांनी पडद्यावर रेघा उमटायला लागतात. जिथं काही नाही तिथं रेघ आडवी, जमिनीला धरून. जिथं आहे तिथं ती हळूच डोकं वर काढते आणि चढते. नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. पण स्वराच्या दुसऱ्या नमुन्याचा आकडा मीच लिहिलेला, मंगलताई आणि सासूबाईंच्या झटापटीत हात हलल्यामुळं त्यातला सात वाकडा आला होता. तो वाकडा सात मी विसरणं शक्य नव्हतं. बोका-व्हायरसची रेघ त्याच्यावर चढली. नाकाचीही आणि शीचीही. त्या हंगामात फार थोड्या मुलांमध्ये तो सापडला, त्यातलं हे एक. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. शोधत असलेला विषाणू सापडला म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो झालाच. पण माझ्या डोळ्यांसमोर गोठ्याजवळ उभी असलेली सारिका होती.

मी धावत सरांकडे गेले. म्हटलं, सर, सापडला, म्हणजे पेरूमुळं नाही.

"कसला पेरू?" सरांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाले, "विषाणू सापडला म्हणजे आजार त्यानंच केला, असं लगेच म्हणता येत नाही. हा कधी कधी धडधाकट मुलांमध्येही असतो. सोबत दुसरा कुणी असू शकतो."

"ते असू दे सर. कुणी का केलं असेना. पेरूनं केलं का?"

सर विचारात पडले. "पेरू धुतला होता?"

"धुतला होता. साल काढलं होतं. बियासुद्धा काढल्या होत्या."

"मग पेरूनं कसं होईल?"

"हेच लिहून द्या सर."

त्यांनी साधा कागद ओढला. तारीख घातली. मुलीच्या नमुन्यात अमुक विषाणू आढळला, तो एकापासून दुसऱ्याला लागतो, घरच्यांनी हात धुवावेत, मूल खेळतं असल्यास काळजी नसावी, असं सगळं सोप्या मराठीत लिहिलं. मग पेन थांबलं. ते लिहायला लागले, "या आजाराचा पेरूशी बहु..."

"सर," मी म्हटलं, "बहुतेक नको. तिथं एक बाई स्वतःच्या मुलीला घास भरवू शकत नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती अक्षरं खोडली आणि एका दमात लिहिलं, "या आजाराचा पेरूशी काही संबंध नाही." खाली सही. मी अजून हलत नाही हे बघून म्हणाले, आता काय? मी म्हटलं, शिक्का. आमच्याकडं कागदावर शिक्का नसेल तर तो नुसता कागद असतो. सरांच्या टेबलावर एकच शिक्का होता, नमुने आले की वहीत मारायचा. त्यांनी दोनदा शाईला टेकवला आणि सहीशेजारी ठसठशीत उमटवला, "नमुना प्राप्त." मग जरा लाजून म्हणाले, "चालेल ना?" त्या दिवशी पहिल्यांदा 'बहुतेक' मी म्हटलं.

रविवारी मी आणि मंगलताई वस्तीवर गेलो. थंडी ओसरत आली होती, ऊस तुटून रानं मोकळी झाली होती, त्यामुळं घर लांबूनच दिसलं. झाडावर हंगामातले शेवटचे पाच-सात पेरू. स्वरा गायीच्या वासराला काहीतरी समजावून सांगत होती. सारिकाच्या हातात मी कागद दिला तर ती मानेनं सासूबाईंकडं दाखवून म्हणाली, "मला नको ताई. आत्यांपुढं वाचा."

मी मोठ्यानं वाचला. सासूबाई खांबाला टेकून ऐकत होत्या. शेवटचं वाक्य आलं तेव्हा म्हणाल्या, "परत वाचा." मी परत वाचलं. त्यांनी कागद हातात घेतला. त्यांना अक्षरओळख नव्हती; त्या शिक्क्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

मग त्या उठल्या, झाडाखाली गेल्या, फांदी वाकवून एक पेरू तोडला, हातपंपावर धुतला, पदरानं पुसला आणि सारिकासमोर धरला. "घे. दोन म्हैनं झालं, तोंडाला लावला न्हाईस. मला काय दिसत न्हाई व्हय?"

सारिकानं पेरू घेतला, पण खाल्ला नाही. तिचे डोळे भरले होते. तेवढ्यात स्वरा वासराला सोडून धावत आली आणि आईपुढं हात पसरून म्हणाली, "मला!"

सारिका जागच्या जागी थांबली. सवयीनं तिनं सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "बघती काय? दे की तिला तुझ्या हातानं. शिक्का हाय त्याच्यावर."